प्रमाण बोकड

हिवरमाळ, ता. कळमनुरी
११ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रज्ञेश, जयभीम.

पत्राला कारण तुझा फोन. तो वाजतो, पण उचलला जात नाही. मागच्या रविवारी बोलण्याच्या भरात मी तुला यंत्राचा पुजारी म्हणालो, हे मला मान्य आहे. तू मला मेलेल्या भाषेचा मास्तर म्हणालास, तेही मान्य आहे, कारण पगार त्याचाच मिळतो. फिटंफाट झाली असं मी धरून चालतो. अण्णा असते तर त्यांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं असतं, "एकानं मेलेली भाषा घेतली, एकानं मेलेली जनावरं, जित्याचं कोण बघावं?" आणि दोघांना गप्प केलं असतं.

फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढत नाही, म्हणून कागद.

झालं ते असं. पंचफुलाबाई शाळेत आली, हातात हैदराबादच्या गिऱ्हाइकाचं इंग्रजी पत्र. इथल्या बायकांनी शेळ्यांची कंपनी काढली तिची ती अध्यक्ष, हे तुला ठाऊकच आहे. तिच्याच ओट्यावर तू चैत्रात जेवलास. तिचा नवरा मसाजी माळावर शेळ्या चारतो, त्यांचा मुलगा शिवहार पिकअपमधून बोकड वारंगा फाट्याला नेतो, तिथून गिऱ्हाइकाची गाडी हैदराबादला नेते, आणि तिकडे पाकिटावर छापलं जातं, "हिंगोलीच्या माळावर चरलेलं." या एका ओळीसाठी शहरातली माणसं जास्त भाव देतात. त्या ओळीवर इथली पन्नासेक घरं उभी आहेत.

पत्रात लिहिलं होतं की माल प्रयोगशाळेत तपासला, तो हिंगोली जिल्ह्याच्या प्रमाण नमुन्यांशी जुळत नाही, अन्यत्रचा असण्याची दाट शक्यता आहे, सबब पुढची उचल बंद. सोबत अहवाल. अहवालाखाली तुझी सही. ती सही मी ओळखली. तिच्यातला 'प्र' मीच तुला पाटीवर गिरवायला लावला होता.

मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. पंचफुलाबाई म्हणाली, "मास्तर, आमचं बोकड आमचं न्हाई म्हणतेत व्हय? मंग कुणाचं हाय?"

श्रावण चालू आहे. गावात मटणाचं नाव काढत नाहीत त्या महिन्यात हे सगळं आलं. तुझ्या यंत्राला पंचांग दाखवत जा.

तू मला समजावलं होतंस ते मी विसरलेलो नाही. जनावर जे खातं-पितं त्याची खूण मांसात राहते. ज्वारी, मका, ऊस या कुळातलं खाल्लं तर कार्बनची एक जात जास्त भरते, झाडझुडपांचा पाला खाल्ला तर ती कमी. पाण्याचंही तसंच. कार्बनमध्येही जाती असतात हे ऐकून मी तेव्हा हताश झालो होतो. निदान तिथे तरी सुटका असेल असं वाटलं होतं. पण तर्क पटला. म्हणून विचारतो: यंत्र चुकत नाही हे कबूल, पण मग काय चुकलं? मसाजीच्या शेळ्या माळावर चरताना मी खिडकीतून रोज पाहतो. त्यांच्यामुळे माझ्या वर्गाचं सुभाषितांकडे कधीच लक्ष नसतं.

फोन उचल. नाही तर लिही.

तुझा दादा


५ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रज्ञेश,

आज शिक्षक दिन. पोरांनी मला गुलाबाचं फूल दिलं, ते शाळेच्या मागच्या झाडाचंच होतं. उत्तर तुझं नाही. असो, तू माझा विद्यार्थी नव्हतास, भाऊ आहेस. आजच्या दिवशी तुझ्यावर कसलंच बंधन नाही.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर कंपनीची बैठक झाली. मला कागद वाचायला बोलावलं होतं. एकेक बाई उठून सांगत गेली की बोकड माझ्याच दावणीचं, माझ्याच शेळीचं. कुणीच खोटं बोलत नव्हतं आणि तेही सगळ्यांना माहीत होतं. मग सुमनबाई उठली. तिनं आवाज चढवला नाही, नुसता हिशेब मांडला. "घरून निघालं तवा आमचं व्हतं. तिकडं पोचलं तवा आमचं न्हाई. मधी कोण व्हतं?"

सगळ्यांनी शिवहारकडे पाहिलं. तो पाराच्या कडेला बसून शेंगा खात होता. हसला. "म्या काय वाटंत जादू केली व्हय, मावशे?"

कुणी हसलं नाही. एरवी तो नुसता बसला तरी गाव हसतं.

फाट्यावर तो चहाला थांबतो. तिथे तेलंगणाकडच्या बोकडांचे ट्रक उभे असतात. एवढंच. पण तेवढं पुरलं. प्रत्येक घराला आपल्या शेळीची खात्री, आणि सगळ्या गावाला तुझ्या यंत्राची. दोन्ही खरं धरलं की मध्ये उरतो फक्त पिकअप चालवणारा.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं, त्याच्या बरंच मागे. इथल्या लोकांनी शेळ्या डोळ्यांनी पाहिल्या, हातांनी वाढवल्या, आणि तुझ्या एका पानासाठी प्रत्यक्ष सोडून दिलं. आमच्या पंडितांना हजारो वर्षांत हे जमलं नव्हतं. अभिनंदन.

शिवहार माझ्या हाताखालून गेलेला. संस्कृतात जेमतेम पास, त्यातलेही काही गुण माझ्या दयेचे. गाव मला मास्तर म्हणतं, तो एकटा सर म्हणतो. बैठक सुटल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, तुमच्या भावाला इचारा ना, काय घोळ झाला. ते सांगतील बराबर."

त्याला तुझा भरवसा आहे. कळवून ठेवतो.

दादा


२० ऑक्टोबर २०२४

प्रज्ञेश,

हे पत्र बसून, नीट वाच. सापडलं.

काल सटवाजीकडे कंदुरी होती. मुलगा आजारातून उठला, त्याचा नवस. तू शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगतो: देवाच्या नावानं बोकड कापायचा आणि गाव जेवू घालायचं. मला बोलावणं असतं. आता पंगतीतही बसवतात. मी गेलो तर बोकड अजून अंगणात, चुलीजवळ बांधलेला, आणि सटवाजीची सून त्याला ज्वारीची भाकरी मोडून भरवत होती. अंगावर तेल लावल्यासारखी चमक. मी सहज म्हणालो, हा काय जावई आहे का, माळावर का पाठवत नाहीस?

सटवाजी म्हणाला, "देवाच्या नावचं जनावर रानात सोडत न्हाईत मास्तर. लांडग्यानं उचललं तर देवाला काय सांगाव? देवाच्या नावानं कान कापला का दाव्यालाच. भाकर, कडबा, हापशाचं पाणी."

"सगळ्यांचं असंच?"

"मंग. कंदुरीचं बोकड कुणाचंबी अंगणातलंच असतंय."

मी सुनेच्या हातातली भाकरी पुन्हा पाहिली.

चैत्रातली जत्रा आठव. तू बर्फाची पेटी घेऊन आला होतास. एरवी एकेका गावात एकेक बोकड विकत घ्यायचा, कापायचा, मांडीचा तुकडा काढायचा, यात वर्ष गेलं असतं. इथे एकाच दिवशी पंचक्रोशीतली सगळी घरं कंदुरी करतात. तू आनंदानं वेडा झाला होतास: "दादा, एका दिवसात अख्खा जिल्हा!" बायकांनी तुला तुकडे देण्यासाठी भांडणं केली. मास्तरांचा भाऊ, हैदराबादचा साहेब, म्हणून प्रत्येकीनं आपल्या बोकडाचा चांगला भाग दिला. तू त्या तुकड्यांवरून हिंगोलीचा बोकड कसा असतो ते ठरवलंस.

ते सगळे देवाचे बोकड होते, प्रज्ञेश. ज्वारी खाल्लेले, हापशाचं पाणी प्यालेले. विकायला जातात ते माळावरचे. ते बोर, बाभळीच्या शेंगा, हिवर, पळस खातात आणि नाल्याचं पाणी पितात. तुझ्याच शास्त्राप्रमाणे हे दोन वेगळे यायलाच हवेत. तसे ते आले. यंत्र बरोबर होतं, शेळ्या खऱ्या होत्या, शिवहारही खरा होता.

हे आपल्या दोघांना का सुचलं नाही, हे मला काल भाकरी खाताना कळलं. आजोबांनी छप्पन साली देव सोडले, त्यांच्याबरोबर नवस सुटले, कंदुरी सुटली. देव नसलेल्या घरातली दोन पोरं देवाच्या बोकडांचे नमुने गोळा करत फिरली आणि कुणाला एक प्रश्न विचारला नाही. गावाला ते सांगायचं सुचलं नाही, कारण गावात हे लहान लेकरालाही माहीत असतं. सूर्य पूर्वेला उगवतो असं पाहुण्याला कोण सांगतं?

आता सोपं आहे. ये. दोन दिवस मसाजीबरोबर माळावर फीर, कळपातल्या जनावरांचे नमुने घे, नवं प्रमाण कर. पिठलं मी करीन. तू नावं ठेवतोस ते मला चालेल.

सटवाजीला समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी देवाचंच बोकड हिंगोलीचं, आमचं परमुलखातलं. झ्याक हाय." हे तुझ्या पुढच्या शोधनिबंधात घालायला हरकत नाही.

दादा


१९ नोव्हेंबर २०२४
कनेरगाव नाक्याजवळच्या मतदान केंद्रावरून

प्रज्ञेश,

उद्या मतदान, मी ड्युटीवर. यंत्रं पेट्यांमध्ये सीलबंद आहेत आणि मी त्यांची राखण करतो आहे. पुजारीपण संसर्गजन्य असावं.

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी, इंग्रजीत, कार्यालयाच्या पत्त्यावरून. 'प्रिय महोदय' अशी सुरुवात. आपल्या घराण्यात कुणाला महोदय म्हणवून घेण्याचा मान पहिल्यांदाच मिळतो आहे, त्याबद्दल आभार. प्रमाण नमुने मान्यताप्राप्त आहेत आणि प्रयोगशाळा हितसंबंधित व्यक्तींशी पत्रव्यवहार करत नाही, एवढंच त्यात होतं. माझा हितसंबंध कोणता, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

शीतलचा फोन आला होता. तिला रागावू नकोस, भावजयीनं थोरल्या दिराला फोन करू नये असा आपल्यात काही नियम नाही. ती म्हणाली, तुझा त्या नमुन्यांवरचा शोधनिबंध छापून आला आहे, त्याच पद्धतीनं शेजारच्या जिल्ह्यांचेही नमुने जत्रांमध्येच घेतले जात आहेत, आणि आता मागे फिरायचं म्हणजे सगळंच मागे घ्यायचं. ती म्हणाली, "दादा, तुमचं पत्र वाचून हे दोन दिवस जेवले नाहीत."

म्हणजे तुला कळलं आहे. पहिल्या वाक्यातच कळलं असणार. आधी ठाऊक असतं तर मी इतकं समजावून लिहिलं नसतं, शिक्षकाची खोड.

मी पारावर उभं राहून गावाला सगळं सांगितलं. माझी पस्तीस वर्षं सांगण्यात गेली आहेत, बरं सांगतो. ऐकून घेतलं. मग सुमनबाई म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात कुचका सूर नव्हता, "मास्तर, पोरगं तुमच्या हाताखालचं हाय. तुमचा जीव तुटतो त्याच्यासाठी, ते दिसून राहिलं. पण मिशनीचं तुमाला काय कळावं? तुमचा भाऊ येऊन म्हनंल तर ऐकू."

मसाजी खाली बघत बसला होता. तो बोकडांशी भरपूर बोलतो, माणसांशी त्याचं जमत नाही. पंचफुलाबाईनं एकदा तोंड उघडलं आणि पदर लावून मिटून घेतलं. अध्यक्ष आहे ना ती. पोराची बाजू घेतली तर कंपनी म्हणेल, आई आहे. नाही घेतली तर घरात मसाजी आहे.

औंढ्याची रागिणी नावाची मुलगी, शिवहारची सोयरीक तिच्याशी ठरली होती. ती मोडली. मुलीकडच्यांनी कारण सांगितलं नाही, सभ्य माणसं आहेत.

दिवाळीपासून माळालाही जाळी लागली आहे. सौर प्रकल्प येणार. शेळ्या अंगणात उभ्या राहून कडबा खातात आणि जाळीकडे बघतात. माझा वर्ग आता सुभाषितांकडे लक्ष देतो.

तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही. एक दिवस ये. पारावर उभा राहा आणि एक वाक्य बोल: नमुने कंदुरीचे होते. कागदावर नको, सही नको. निबंध तसाच राहू दे. इथे कुणी निबंध वाचत नाही. फक्त शिवहारला गावात मान वर करून चालता येईल.

दादा


२२ डिसेंबर २०२४

प्रज्ञेश,

तू आला नाहीस. हे लिहिण्याची गरज नव्हती, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

गिऱ्हाइकानं कळवलं होतं की दोषी माणूस ठरवून काढला, तर उचल पुन्हा सुरू करू. बायकांची बैठक झाली. शिवहारनं कबूल करावं असं कुणी म्हणालं नाही. बैठकीत त्याचं नावच निघालं नाही. सगळ्या जणी घरी गेल्या आणि वाट बघत राहिल्या.

तो माझ्याकडे आला. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "सर, कबुलीजबाब लिवून द्या. माझं शुद्धलेखन तुमाला ठाऊक हाय."

मी नाही म्हणालो. म्हणालो, तू केलं नाहीस, हे मला माहीत आहे.

"मलाबी माहीत हाय सर. त्याचा काय उपयोग होऊन राहिला?" पुढे म्हणाला, "म्या कबूल केलं तर गाड्या सुरू होतील. न्हाई केलं तर म्या चोर तो चोरच, आन वरून सगळे उपाशी. तुमीच सांगा, काहून न्हाई म्हनू?"

आयुष्यभर पोरांना उत्तरं येत नाहीत म्हणून बाकावर उभं केलं.

मी विचारलं, आई काय म्हणते?

"आईनं इचारलंच न्हाई. केलं का म्हून येकदाबी न्हाई इचारलं. बापानंबी न्हाई. इचारलं असतं तर म्या न्हाई म्हनलो असतो."

शेवटी त्यानं स्वतःच लिहिलं. मी वाचलं. वारंगा फाट्यावर गुलाबचंद नावाचा व्यापारी भेटला, त्यानं आपले बोकड दिले, गावचे घेतले, वरचे पैसे वाटून घेतले. कुठल्या धाब्यामागे, कुठला ट्रक, सगळं. मी फाट्यावर जाऊन चौकशी केली; गुलाबचंद नावाचा कुणी तिथे नाही, कधी नव्हता. शाळेत असताना 'माझा आवडता प्राणी' यावर त्याला चार ओळी सुचत नव्हत्या. हे मात्र दीड पान, आणि कुठे खटकत नाही.

तो कागद गिऱ्हाइकाकडे गेला, तिथून तुझ्याकडे. तुझ्या फायलीत लागला असेल. तुझ्या प्रमाण नमुन्यांना आता साक्षीदारही मिळाला.

शिवहार कनेरगाव नाक्याला एका धाब्यावर कामाला राहिला आहे. भांडी नाही, तंदूर. बढती लवकर मिळाली म्हणायची.

दादा


१६ एप्रिल २०२५

प्रिय प्रज्ञेश,

परवा जयंती झाली. दरवर्षी तू मिरवणुकीत निळा फेटा बांधून पुढे असतोस; यंदा तुझ्या जागी शेजारचा बुटका पोरगा होता, फेटा त्याच्या डोळ्यांवर येत होता. लोकांनी मला विचारलं, साहेब आले न्हाईत? मी म्हणालो, कामात आहे.

तुझा अहवाल आला. तुला माहीतच आहे, सही तुझीच. जानेवारीपासून गेलेला सगळा माल प्रमाण नमुन्यांशी तंतोतंत जुळतो. पारावर पेढे वाटले. सुमनबाईनं मला दोन दिले. म्हणाली, "बघा मास्तर. पोरगं गेलं आन माल खरा झाला."

मी पुन्हा सांगितलं. दिवाळीपासून माळ बंद आहे, शेळ्या हिवाळाभर अंगणात कडबा खात उभ्या होत्या, म्हणून त्या कंदुरीच्या बोकडांसारख्या झाल्या. आता खोटं ठरायला हवं ते पाकिटावरचं माळाचं चित्र. सगळ्यांनी माना हलवल्या. पेढा तोंडात असताना माणूस वाद घालत नाही. मसाजीला बाजूला घेतलं. म्हणालो, तू तरी बोल, कडबा तूच टाकतोस. तो म्हणाला, "टाकतो ना." मग म्हणाला, "आता काय त्याचं मास्तर," आणि गेला.

हे सारं तुला कळेल. पुढचं मला एकट्यानं ठेवून घ्यायचं होतं, पण निरोप आहे, पोचवायला हवा.

काल पंचफुलाबाई घरी आली. पाणी घेतलं, चहा नको म्हणाली. अहवाल पदरात बांधून आणला होता. मी तो तिला आधी दोनदा वाचून दाखवलेला. तिसऱ्यांदा वाचा म्हणाली, वाचला.

मग म्हणाली, "मास्तर, खरं सांगू का, मला वाटायचं का त्यानं केलंच न्हाई. आमच्यासाठी अंगावर घेऊन राहिला. रोज वाटायचं. भाकर टाकताना वाटायचं. म्हून म्या इचारलं न्हाई त्याला. इचारलं आन तो न्हाई म्हनला, तर म्या त्याला जाऊ दिलं नसतं, आन मंग या बायांचं काय?"

मी म्हणालो, पंचफुलाबाई, तुला वाटत होतं तेच खरं आहे.

तिनं हात वर केला. वर्गात मी करतो तसा. "न्हाई मास्तर. आता तकलीफ नका घेऊ. तो व्हता तवर फेल, तो गेला आन पास. मला अडाणीला बी येवढं कळतंय. त्यानंच केलं. येका परी बरं झालं. रातच्याला झोप लागंल."

तिचा चेहरा खरोखर निवांत होता. कितीतरी महिन्यांनी पाहिला. त्या चेहऱ्यासमोर मी कार्बनचं काय सांगणार होतो? ते खरं मानलं असतं, तर निरपराध पोर तिनं स्वतः घालवलं असं झालं असतं. मी तोंड मिटलं. तूही असंच मिटलं असशील. तुझ्याबद्दल मी इतके महिने जे बोललो ते आता बोलत नाही, एवढंच. मागे घेतलं असं समजू नकोस.

उठताना तिनं तुझ्यासाठी सांगितलं ते जसंच्या तसं: "तुमच्या भावाला लिवा, त्याचे लई उपकार हाईत. चोर घरातच व्हता, त्यानं दाखवला, न्हाई तर समदं गाव बुडालं असतं. पुढच्या कंदुरीला जेवायला या म्हनावं."

आणि मला म्हणाली, "तुमी जाता ना नाक्याकडं कधी? त्याला सांगा, आईनं माफ केलं म्हून. आता ये म्हनावं घरी."

रविवारी जाईन. बस दुपारी पोचते, त्या वेळी धाब्यावर गर्दी नसते. तो तंदुराजवळून हात पुसत येईल, माझ्यासाठी खुर्ची झटकेल, चहा सांगेल. मग मी त्याला सांगेन की आईनं त्याला माफ केलं आहे.

तो "बरं सर" म्हणेल.

तुझा
दादा